दुसऱ्या माणसाचं कलम

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी, आधी कान धरते. चार महिन्यांत एक ओळ नाही तुझी. फोन केला की "मीटिंगमध्ये आहे ताई", आणि मीटिंग संपली की तूही संपलास. म्हणून म्हटलं, पत्रच टाकावं. पत्राला "नंतर करतो" सांगून ठेवता येत नाही.

बातमी अशी की तुझ्या भावोजींना विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला बोलावलंय. हसू नकोस. वीज कायदा बदलायचं चाललंय हे तुला ठाऊक असणारच, तू त्याच इमारतीत वावरतोस. आत्ताच्या कायद्यात कलम सात आहे. खांबावर एकट्याने चढायचं नाही, खाली दुसरा माणूस पाहिजे, आणि लाइन बंद केल्याचं परमिट लेखी पाहिजे. ते म्हणे काढणार. एक माणूस पुरे, आणि परमिटाऐवजी फोनवर निरोप. युनियनने ठरवलं की यावर बोलायला पुढारी नको, आयुष्य खांबावर काढलेला लाइनमन पाठवू. बोट फिरत फिरत आमच्या घरावर येऊन थांबलं.

आता हे कसे ते तुला माहीत आहे. जेवताना मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवतात. आठ दिवस कपाटासमोर उभं राहून भाषण पाठ करतायत, पण "सन्माननीय अध्यक्ष महोदय"च्या पुढे गाडी सरकत नाही. त्यांचा जोडीदार रोज येतो. हा माणूस इतका उंच आहे की सगळे त्याला 'शिडी' म्हणतात. बारा वर्षं हे वर असले की तो खाली. तो खुर्चीत अध्यक्ष होऊन बसतो, खाकरतो आणि विचारतो, "तुमच्या पँटला ठिगळ का आहे, याचा खुलासा करा." मग दोघं हसतात आणि भाषण राहतं.

तिथे काय विचारतात? उभं राहायचं की बसून? हात कुठे ठेवायचे? हे तुला विचारायला तयार नाहीत. "तो वीज कंपनीचा माणूस," म्हणतात. मी म्हटलं, आधी माझा भाऊ, मग कोणाचा.

तुझी ताई


१५ जानेवारी

प्रिय ताई,

कान अजून लाल आहे. चूक कबूल.

भावोजी समितीपुढे! मला खरंच अभिमान वाटला. तू म्हणतेस ते खरं, मी त्याच इमारतीत असतो. माझं काम लोकांना वाटतं तसं भानगडीचं नाही. समितीतल्या सदस्यांना वीज म्हणजे बटण दाबलं की लागते, एवढंच माहीत. त्यांना मी समजावतो. मसुदाही कोणीतरी लिहावाच लागतो, आणि शुद्ध लिहायला मला तूच शिकवलंस.

कंपनीची बाजूही खोटी नाही. शेजारच्या राज्यात निम्म्या माणसांत काम चालतं. आपण असेच राहिलो तर दोन वर्षांत कोणीतरी मोठा मासा कंपनी गिळेल, आणि मग लाइनमन वरही राहणार नाही आणि खालीही. पण भावोजींना त्यांचं म्हणणं मांडायचा पूर्ण हक्क आहे. मी आहे ना तिथे.

बसून बोलायचं. पांढरा शर्ट. हात टेबलावर. आणि आकडे अजिबात नकोत, आकडे ऐकून सदस्यांना झोप येते. त्यांना प्रसंग लागतो. खाली माणूस होता म्हणून जीव वाचला, असा एखादा खरा प्रसंग मला सविस्तर लिही. तारीख, जागा, सगळं. भावोजी जे लपवतील तेही लिही. समितीत वाकडे प्रश्न विचारणारे असतात. मला आधी माहीत असलं तर मी सांभाळून घेईन.

तुझा धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

प्रसंग आहे. पण तो यांनी मला सांगितलेला नाही, शिडीच्या बायकोने सांगितला, आणि तिलाही शिडीने शपथ घालून सांगितला होता. म्हणजे शपथा मोडत मोडत तुझ्यापर्यंत येतोय.

आठ वर्षांपूर्वी, चार जूनला. वखारीमागे दोन लाइनी शेजारी शेजारी जातात. परमिट होतं उजवीकडच्या लाइनचं, हे चढले डावीकडच्या खांबावर. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. खाली शिडी उभा. त्याच्या लक्षात आलं की वखारीतली करवत चालूच आहे. लाइन बंद असेल तर करवत कशी चालेल? तो ओरडला, "हात मागे!" यांचा हात आणि तार यांत वीतभर अंतर होतं.

हे खाली उतरले. मग दोघांनी एक केलं, आणि तेच ते लपवतात. कामाच्या वहीत चुकीबद्दल काहीच लिहिलं नाही. योग्य खांबावर चढले, काम पूर्ण केलं आणि परमिटावर "काम सुरळीत" असं लिहून दोघांनी सह्या केल्या. चूक यांची होती, नोकरी गेली असती. शिडी म्हणाला, "माणूस राहिला, कागदाचं काय घेऊन बसलात."

यावरून दुसरा माणूस का हवा ते कळतं की नाही? पण यांना कळलं मी लिहिलंय, तर माझं काही खरं नाही. वाचून फाडून टाक.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. घाईत आहे. प्रसंग उत्तम आहे, असाच हवा होता. चौदा तारखेला सकाळी दहाला या. शिडीलाही आण, त्याला मागे प्रेक्षकांत बसवतो. भावोजींना धीर येईल.

धाकटा


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तू म्हणाला होतास, मी आहे ना तिथे. आम्ही तुला शोधत होतो. तू वरच्या सज्जात होतास, खांबाआड. शिडीने तुला पाहिलं. त्याला लांबचं दिसतं.

हे छान बोलले रे. पाठ केलेलं सगळं विसरले म्हणून छान बोलले. म्हणाले, "साहेब, वर गेलेल्या माणसाला फक्त तार दिसते. बाकीचं जग खालच्याला दिसतं." एक बाई सदस्य होत्या, त्यांनी ते लिहूनही घेतलं.

मग चष्मेवाल्या सदस्याने एक कागद काढला. "चार जून. वखारीमागचा खांब. आठवतो का?" यांनी मागे वळून शिडीकडे पाहिलं. शिडी पांढरा पडला होता. "आदल्या दिवशी घरी भांडण झालं होतं, हे खरं?" लोक हसले. माझ्या अंगाची लाही झाली. भांडण मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं होतं?

"चुकीच्या खांबावर चढलात, हे खरं?"

"खरं."

"आणि खालच्या माणसाने ते लपवलं, खोट्या परमिटावर सही केली, हेही खरं?"

हे खोटं बोलू शकले असते. कागदाला कोण साक्षी होतं? पण म्हणाले, "खरं."

मग तो सदस्य बाकीच्यांकडे वळला आणि म्हणाला, "म्हणजे एक चूक करतो आणि दुसरा झाकतो. दोन माणसं ठेवून आपण काय मिळवतो? दोन आरोपी." सगळी खोली हसली. ते वाक्य त्याचं नव्हतं. तो अडखळत वाचत होता.

आज दोघांनाही निलंबनाची नोटीस आली. यांनी मला अजून एक शब्द विचारलेला नाही. मीच तुला विचारते. तो कागद त्याच्याकडे कसा गेला? तुझ्या टेबलावरून कोणी उचलला असेल, तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन.

ताई


२८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू म्हणतेस तसंच झालं. पत्र टेबलावर होतं, कोणाच्या तरी हाती लागलं. या इमारतीत भिंतींना कान नसतात, हात असतात. मला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटून पोट भरत नाही, म्हणून कामाचं लिहितो. मी वरच्यांशी बोललो आहे. दोघांची नोटीस मागे घेता येईल. भावोजींनी समितीला एक ओळ लिहून द्यायची: "एकट्याने काम करण्यास माझी हरकत नाही, साक्ष मागे घेतो." मजकूर सोबत टाइप करून पाठवलाय. सही केली की दोघंही कामावर. नाही केली तर भावोजींचं सोड, शिडीचा विचार कर. खोट्या परमिटावर त्याचीही सही आहे, आणि त्याला कंपनीची खोली सोडावी लागेल.

कायदा तर होणारच आहे, ताई. मतं मोजून झाली आहेत. हा वारा भावोजींच्याने थांबणार नाही. मग त्यात आपलंच घर का उडवायचं?

तुझा धाकटा


३० मार्च

धाकट्या,

सही केली. शिडी हात जोडून म्हणत होता, करू नका. त्याच्याचसाठी केली.

कायदा झाल्याचं पेपरात वाचलं. सोबत तुझा फोटोही होता, चष्मेवाल्याच्या शेजारी. दोघांच्या हातात एकच पेन धरलेलं. तेव्हा टेबल आणि हात वगैरे मला परत लिहू नकोस. तू लहान असताना खोटं बोललास की नाक खाजवायचास. पत्रात ते दिसत नाही, एवढाच तुझा फायदा.

युनियनची माणसं आमच्या दारावरून जाताना रस्ता बदलतात. कोणीतरी यांच्या सायकलच्या सीटवर खडूने "हरकत नाही" लिहून ठेवलं. हे ते पुसत नाहीत, तसेच बसतात. पँटला मागे खडू लागलेला असतो.

आणि कंपनी वाचवायची होती ना तुला? कायदा झाल्याच्या आठव्या दिवशी जोड्या मोडल्या. निम्म्या लोकांना घरी बसवलं. उरले ते एकेकटे हिंडतात, प्रत्येकाच्या गळ्यात एक फोन. शिडी आता नदीपलीकडचा भाग बघतो, हे इकडचा. बारा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांना दिवसभर दिसत नाहीत. संध्याकाळी तो येतो, दारात उभा राहतो, हे घरात आहेत ना ते बघतो आणि जातो. चहाही घेत नाही.

उत्तर पाठवू नकोस.


९ ऑगस्ट

ताई,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहावं लागतंय. शिडीचं कळलं. मनाला लागलं. आमच्याकडे आलेल्या अहवालाप्रमाणे सबस्टेशनमधून त्याला फोनवर "लाइन बंद" असा निरोप मिळाला होता की नाही, यावर वाद आहे. ऑपरेटर म्हणतो निरोप दुसऱ्याला दिला होता. त्याच्या फोनमधून काही कळत नाही, फोन वितळला आहे.

चौकशी होणार. खरं सांगायचं तर आमच्यासाठी ही वेळ नाजूक आहे. आणखी दोन राज्यं आपला मसुदा जसाच्या तसा घेणार आहेत, आणि पहिल्याच वर्षी कलमाला असा डाग नको. भावोजी साक्ष द्यायला निघालेत असं कानावर आलं. त्यांना सांग, तिथे उभे राहिले तर आठ वर्षांपूर्वीचं परमिट पुन्हा बाहेर निघेल, आणि या वेळी निलंबनावर भागणार नाही.

याउलट, शिडी निरोपाची वाट न बघता चढायचा असा साधा जबाब मी सोबत टाइप करून पाठवलाय, त्यावर त्यांनी सही केली, तर त्यांना बोलवायचीही गरज पडणार नाही. कागद फायलीत जाईल, विषय मिटेल. आणि त्यांना मी सबस्टेशनमध्ये टेबलाचं काम मिळवून देतो. परत कधी खांबावर चढावं लागणार नाही, ताई. गेलेला माणूस कशानेही परत येत नाही. राहिलेल्याचं बघ.

धाकटा


२१ ऑगस्ट

धाकट्या,

तुमच्या अहवालात नसेल ते मी सांगते. शिडी सकाळी दहाच्या सुमारास चढला. पट्ट्याने खांबाला बांधलेला होता, त्यामुळे पडला नाही. समोर शाळा आहे. मुलं दोन तास खिडकीतून बघत होती. त्यांना वाटलं, माणूस काम करतोय. मग एका मुलीने बाईंना विचारलं, तो काका हलत का नाही?

त्याला खाली उतरवायला पुन्हा एकच माणूस पाठवला होता. हे. बाकी कोणी मोकळं नव्हतं.

तेव्हापासून यांना झोप नाही. साक्ष देणारच म्हणतात. "मला तुरुंगात टाकू देत. तो खाली होता म्हणून मी आहे. तो वर होता तेव्हा खाली कोणी नव्हतं, हे कोणीतरी मोठ्याने सांगायला पाहिजे." शिडीच्या बायकोलाही तसा शब्द दिलाय. तुझा कागद मी दाखवला, तर नुसता बाजूला सरकवला आणि बूट घालून कामावर गेले. खांबावर. एकटे.

ते परत येईपर्यंत मी दारात उभी असते. रोज. रस्त्यावर गर्दी दिसली की चप्पल न घालताच कोपऱ्यापर्यंत धावते. तुला हे कधी कळणार नाही, तुझ्या टेबलाला उंची नाही.

सोबत जबाब पाठवते आहे. सही मी केली आहे. मुलांच्या शाळेच्या कागदांवर यांची सही वर्षानुवर्षं मीच करत आले, कोणाला फरक कळलेला नाही. यांना माहीत नाही. तुझ्यावर थुंकायची सोय मी आता स्वतःच घालवून बसले.

टेबल लवकर दे.


१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

सगळं सुरळीत पार पडलं. चौकशीत मृत कामगाराचा निष्काळजीपणा असा निष्कर्ष निघाला, कायद्याला कुठे धक्का लागला नाही. भावोजींची बदली झाली असेलच. मला वाटतं आपण दोघांनी मिळून घर वाचवलं. आता निवांत हो. दिवाणखान्यात तुझा जुना फोटो लावलाय.

तुझा धाकटा


२ ऑक्टोबर

धाकट्या,

बोलवायची गरज पडणार नाही, असं तू लिहिलं होतंस. बोलावलं. शिडीच्या बायकोनेच अर्ज केला होता, यांना बोलवा म्हणून. तिचा सगळा भरवसा यांच्यावर.

कंपनीच्याच स्टोअरमध्ये टेबल टाकलं होतं, मागे तारांची भेंडोळी. ती पहिल्या बाकावर. आत जाताना हे तिला म्हणाले, "मी आहे. घाबरू नको." मी मागून चालत होते, आणि तेव्हाही तोंड उघडू शकले असते.

यांनी बोलायला सुरुवात केली तसं अधिकाऱ्याने हात वर केला. "तुमचा लेखी जबाब आमच्याकडे आहे." आणि वाचला. "मृत कामगार नेहमी निरोपाची वाट न बघता चढत असे. मी त्याला अनेकदा समज दिली होती."

हे म्हणाले, "मी असं लिहिलेलं नाही."

"सही तुमची नाही? नसेल तर ही फसवणूक आहे. कोणी केली ते शोधायला पोलिसांकडे द्यावं लागेल."

कागद हातात घेतला. सही पाहिली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही रे. दुकानात एखादी वस्तू किती जड आहे ते हातात घेऊन बघतात ना, तसं. आणि कागद परत दिला.

"माझीच आहे."

शिडीची बायको रडली नाही. उठून यांच्यासमोर आली आणि विचारलं, "कधी समज दिली होती, भावोजी? दिवस कोणता होता? मला सांगा. ते घरी येऊन मला सगळं सांगायचे, हे कसं नाही सांगितलं?" तिने परत विचारलं, "दिवस कोणता?" अधिकारी म्हणाला, "बाई, बसा."

तिचा भरपाईचा दावा फेटाळला. आठवड्यात खोली खाली करून घेतली. सामान टेम्पोत चढवायला हे गेले होते, पण तिने कशाला हात लावू दिला नाही. तिने स्वतः कपाट ओढत नेलं.

टेबल मिळालं, तू शब्दाचा पक्का आहेस. सबस्टेशनमध्ये खिडकीजवळ, फोन आणि वही. काम काय दिलंय माहीत आहे? निरोप द्यायचा. कोणत्या खांबावर कोण चाललाय ते ऐकायचं, लाइन बंद करून घ्यायची, आणि म्हणायचं, "बंद आहे, चढा." काम झालं की खालून फोन येतो, "उतरलो."

चौकशी झाल्यापासून माझ्याशी बोललेले नाहीत. वाढलं की जेवतात, ताट धुऊन ठेवतात. आज संध्याकाळी आले, शर्ट खुंटीला अडकवला, हात धुतले आणि पाटावर बसल्यावर म्हणाले, "आज सात जणांना एकटं वर पाठवलं."

इतक्या दिवसांनी आवाज ऐकला. मला वाटलं, विचारावं, बोलणं वाढेल. मी विचारलं, "सगळे उतरले ना?"

"सहा जणांचे फोन आले."

वाढलेलं तसंच ठेवून उठले, शर्ट घातला, सायकल काढली. त्याला तास होऊन गेला. मी दार उघडं ठेवून हे लिहिते आहे. अजून आलेले नाहीत.